रेनो कांगसचा आणखी एक पीळ

आमच्या गावात कोण कोणाकडे जाऊन आलं हे विचारावं लागत नाही, रस्त्याकडे बघितलं तरी कळतं. निदान रेनो कांगसच्या बाबतीत तरी. त्याची पिकअप जिथे अर्धा तास थांबते तिथे बशीएवढा काळा डाग ठेवून जाते. चर्चपुढे एक, पोस्टापुढे दोन, आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या आमच्या दुकानापुढे इतके, की मी मोजणं सोडून दिलं. या दुकानाच्या काउंटरमागे मी बावीस वर्षं उभी आहे. गावातल्या कोणत्या पुरुषाची गाडी कुठून गळते हे मला ठाऊक असतं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटतं ते गुपित आहे.

रेनो माझ्या थोरल्या भावाचा वर्गमित्र, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. गेल्या ऑक्टोबरात तो चौथ्यांदा ऑइल पॅनचं गॅस्केट मागायला आला. ऑइल पॅन म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलेली तेलाची परात, आणि गॅस्केट म्हणजे त्या दोन्हींच्या मधली रबरी पट्टी. एक त्याने जूनमध्ये नेलं, दुसरं जुलैत, तिसरं सप्टेंबरात. दर वेळी छाती काढून गेला आणि काही आठवड्यांत तोंड पाडून परत आला.

या वेळी मात्र त्याला घाई होती, आणि त्या घाईचं नाव इर्मा लाहटी. इर्माबाई रेनोच्याच वयाच्या, चर्चमधल्या माझ्या रविवारच्या शाळेतल्या बाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात त्या दारातल्या बर्फावर घसरल्या आणि मनगट मोडलं. त्यांच्या मुलाने, ग्लेनने, उन्हाळ्यात रस्त्यापासून गॅरेजपर्यंत पांढरंशुभ्र काँक्रीट करून दिलं आणि सोबत अटही घातली. हिवाळाभर रोज बर्फ काढणारं खात्रीचं कुणी मिळालं तर आईने इथे राहावं, नाहीतर पहिला बर्फ पडायच्या आत ग्रीन बे शहरात त्याच्याकडे यावं. गावात बर्फ लोटायचं पातं लावलेल्या गाड्या दोनच. एकीचा मालक फ्लोरिडाला ऊन खायला गेलेला. दुसरी रेनोची, आणि ती गळकी गाडी आपल्या काँक्रीटवर येणार नाही, असं ग्लेनने स्वच्छ सांगितलं होतं.

रेनोची बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी सौना, म्हणजे लाकडी खोलीतली गरम वाफ, घेतल्यावर तो इर्माबाईंकडे कॉफी प्यायला जातो. गाडी लांब रस्त्यावर लावून, ओल्या केसांनी, चालत. एका वाक्याला दुसरं वाक्य जोडायचा त्याला कंटाळा, पण शनिवार कधी चुकवला नाही. हे सगळं गावाला ठाऊक होतं, फक्त रेनोला वाटायचं की आपण कॉफीसाठी जातो.

मी त्याला जुनं गॅस्केट आणायला सांगितलं होतं. त्याने ते काउंटरवर ठेवलं. बोल्टांच्या भोकांशी रबर चिरडून बाहेर आलं होतं, आणि वर फटी बुजवायचं सिलिकॉन इतकं थापलेलं, की केकवर क्रीमही कोणी एवढं लावत नाही.

"किती आवळलंस?" मी विचारलं.

"बसेपर्यंत."

"आणि बसल्यावर?"

"मग आणखी एक पीळ. सिसू म्हणून."

सिसू हा आम्हा फिनिश लोकांचा जुना आजार. हार मानायची नाही, दात-ओठ खाऊन रेटायचं, याला आम्ही सिसू म्हणतो. त्याच्या जोरावर आमच्या आजोबांनी इथे अमेरिकेत येऊन खाणी खणल्या, जंगलं तोडली. पण ऑइल पॅनचा पत्रा म्हणजे खाण नव्हे. बोल्ट फार आवळला की पत्र्याची कड वाकते, पट्टी चिरडते आणि तेल आरामात बाहेर येतं. अति तिथे माती, हे मी त्याला जूनपासून सांगत होते. किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना देऊ केला, तर म्हणाला, तो घड्याळजींना दे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

मी चौथं गॅस्केट काउंटरवर ठेवलं आणि वर हात ठेवला. सांगितलं की हे मी त्याला विकणार नाही, कारण त्याच्या हाताला थांबायचं कळत नाही. ज्या हाताला कळतं तो गावात एकच आहे. आमच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका विकायला तीनशे पेस्ट्या करतात. मांस-बटाट्याचं सारण भरलेली तळहाताएवढी करंजीच ती. माझ्या पेस्ट्या भट्टीत फुटतात, पास्टरच्या बायकोच्याही फुटतात. इर्माबाईंची मुरड मात्र आजवर कधी उकलली नाही.

"तिला गाडीखाली झोपवू?" रेनोचा चेहरा पडला.

"झोपवू नको. विचार."

मला ठाऊक होतं की या माणसाने जन्मात कोणाची मदत मागितलेली नाही. बायकोच्या आजारपणातही सगळं एकट्याने केलं, शेजारणीने आणलेलं सूपसुद्धा दारातून परत पाठवलं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज दया आली, पण तसं दाखवलं असतं तर तो गॅस्केट न घेताच निघून गेला असता.

मी हात काढला. तो गॅस्केट उचलून निघाला आणि घाबरलेल्या अवस्थेत गाडी थेट इर्माबाईंच्या दारात घातली. नव्या काँक्रीटवर, पहिल्यांदाच. इंजिन चालू ठेवून अर्धा तास आत बसून वाक्य जुळवत राहिला. शेवटी इर्माबाईच हात पुसत बाहेर आल्या. त्याने काच खाली करून विचारलं, "तुला बोल्ट आवळता येतात का?" चार वर्षांत जुळवलेलं वाक्य ते हे. त्या म्हणाल्या, शिकेन.

शनिवारी मीही रेनोच्या गॅरेजात गेले. नवा व्हॉल्व्ह द्यायचा होता, हे निमित्त. तो इंजिनाच्या श्वासाचा असतो. तुंबला की आत दाब वाढतो, आणि मग गॅस्केट कितीही चांगलं असो, तेल वाट काढतंच. रेनोने आधीचं काम झकास केलं होतं. तेल काढलं, इंजिन जरासं उचलून पॅन सोडवलं, वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने सपाट केली, जुनं रबर आणि सिलिकॉन खरवडून दोन्ही बाजू कोरड्या केल्या. सिलिकॉनचे ठिपके फक्त चार कोपऱ्यांत, वाटाण्याएवढे. मग मात्र त्याने पाना इर्माबाईंच्या हातात दिला.

त्या नवऱ्याची जुनी डांगरी घालून गाडीखाली शिरल्या. आधी सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी लावले. मग मधून दोन्ही टोकांकडे, थोडं इकडे, थोडं तिकडे, फेरी फेरीने. शेजारी पाठीवर पडलेल्या रेनोच्या हाताला खाज सुटली होती.

"अजून थोडं," तो म्हणाला.

"किती थोडं?"

"अगदी एवढंसं."

"तुझ्या एवढ्याशाने तीन गॅस्केटं गेली. गप पड."

तो गप पडला. मला बाहेरून चार पाय तेवढे दिसत होते, आणि ते काम संपल्यावरही बराच वेळ तिथेच होते. मी व्हॉल्व्ह बोनेटवर ठेवून घरी आले.

सिलिकॉन रात्रभर सुकू दिलं, रविवारी नवं तेल ओतलं. पुढच्या रविवारी ग्लेन आईचं सामान न्यायला आला. मंगळवारी बर्फाचा अंदाज होता. रेनोने पिकअप काँक्रीटवर उभी केली, खाली कोरा पुठ्ठा अंथरला, आणि सगळे जेवायला बसले. जेवणानंतर ग्लेन बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला. पुठ्ठा दुकानातून आणला तसाच होता. त्याने पॅनच्या कडेवरून बोटही फिरवून पाहिलं, कोरडं. मग उठून अंगणभर नजर टाकली.

"आई, ही जिरेनियमची कुंडी वाटेच्या मधोमध कशाला?"

"तिथे ऊन लागतं," इर्माबाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात आमच्याकडे ऊन कुठेच लागत नाही. पण ग्लेन ग्रीन बेचा झालाय, विसरला असेल. सामान न घेताच तो परत गेला.

हिवाळाभर रेनो रोज पहाटे बर्फ लोटायचा आणि कुंडीशी आला की पातं उचलून वळसा घ्यायचा. जिरेनियम केव्हाच मेलं होतं. हलवू का, असं त्याने दोनदा विचारलं. राहू दे, म्हणाल्या.

एप्रिलात बर्फ वितळल्यावर त्याने ती न विचारताच उचलली. खाली बशीएवढा काळा डाग. गॅस्केट बसल्यापासून गाडीतून थेंब पडला नव्हता. म्हणजे तो मदत मागायला आला त्या दिवशीचा. शनिवारी तो त्यांना न्यायला गेला तेव्हा कुंडी तिथे होतीच. म्हणजे इर्माबाईंनी लगेचच डाग झाकला होता, बोल्टला हात लावायच्याही आधी, मुलाला दिसू नये म्हणून.

हे तो माझ्या काउंटरशी उभा राहून सांगत होता. एवढी सलग वाक्यं मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकली. मला भरून आलं, म्हणून मी पाठ फिरवून फळीवरून डाग काढायच्या औषधाची बाटली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती परत माझ्याकडे सरकवली. "नको," म्हणाला. "कुंडीत लावायला काहीतरी दे."

मी म्हटलं, हे मोटारीचं दुकान आहे. मग त्याला रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेत घेऊन गेले.