शिक्का नसलेली चिठ्ठी

"ती तपकिरी बाटली द्या की अण्णा. मोठी." शबनूर काउंटरच्या कोपऱ्यात उभी राहून म्हणाली.

अण्णाप्पा मगदूमांनी वर पाहिलं. "जंतुनाशक? गेल्या आठवड्यात मोठीच नेलीस की."

"संपली."

"आठ दिवसांत? काय करतीस त्याचं?"

"फरशी पुसतो." तिनं ओढणी सारखी केली.

"फरशीला फिनेल असतंय. स्वस्त पडतंय."

तिच्या शेजारी कारखान्यातला आकाराम खोकल्याच्या औषधासाठी थांबला होता. तो हसला. "अण्णा, गिऱ्हाईक परत घालवाय लागलासा व्हय? धंदा करताय का धर्म?"

अण्णाप्पा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या हातात औषध दिलं आणि तो पायरी उतरेपर्यंत खोक्यांवरच्या तारखा बघत राहिले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोरी, अंगावरनं पांढरं जातंय काय? खाज, वास काय हाय?"

शबनूरचा चेहरा उतरला. पायरीवर आकाराम चप्पल शोधत अजून उभाच होता. त्यानं मान वळवली. शबनूर बाटली न घेताच त्याच्या बाजूनं निघून गेली.

अण्णाप्पांना कळलं, आपण चुकलो. कसबा बावड्यात चौतीस वर्षं त्यांनी हे दुकान एका नेमानं चालवलं होतं. बाईमाणसानं काही मागितलं की वर बघायचं नाही, विचारायचं नाही, कागदात गुंडाळून द्यायचं. मगदूमांच्या दुकानात बायकांना अवघडल्यासारखं होत नाही, असं लोक म्हणत. त्यांना त्याचा अभिमान होता. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत होता.

आठ महिन्यांपूर्वी रत्नाबाई गेल्या. तांदूळ निवडता निवडता छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. महिन्याभरानं त्यांची लुगडी वाटायला काढली, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राखाली एक चिठ्ठी निघाली. हातकणंगल्याच्या एका डॉक्टरीणबाईंची, चार वर्षांपूर्वीची. हातकणंगले रत्नाबाईंचं माहेर. चिठ्ठीवर सात दिवसांची औषधं होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं : 'जंतुनाशकाने धुणे पूर्ण बंद. फक्त साधे पाणी.'

अण्णाप्पांनी सवयीनं चिठ्ठी उलटी केली. औषध दिलं की दुकानदार चिठ्ठीवर शिक्का मारतो. पुढं नव्हता, मागंही नव्हता.

ट्रंकेपुढं बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात सगळं आलं. ते औषध त्यांच्याच दुकानात तिसऱ्या फळीवर होतं. ते घ्यायचं तर रत्नाबाईंना नवऱ्याला सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दुकानातून घ्यावं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बावड्यानं विचारलं असतं, मगदुमाची बायको परक्याकडं कशाला गेली? हातकणंगल्यात घ्यावं, तर तिथं सगळं माहेरच ओळखीचं. म्हणून त्या कुठंच गेल्या नाहीत.

आणि बाटली? ती तर दर महिन्याला ते स्वतःच घरी आणत होते. "बस्तीत जायचं म्हटल्यावर अंग स्वच्छ पायजे," असं त्या म्हणत. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, शिरण्याआधी त्या धूत, धुण्यानं त्रास वाढे, त्रास वाढला की पुन्हा धूत. शेवटची तीन वर्षं तर पर्युषणातसुद्धा त्या बस्तीच्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या. "गुडघं काय?" अण्णाप्पांनी एकदा विचारलं होतं. "व्हय," त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी गुडघ्याला लावायचं मलम आणून दिलं.

चिठ्ठी घेऊन ते हातकणंगल्याला गेले होते. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, शांत. म्हणाल्या, "त्या जागी चांगले जंतू असतात हो, विरजणासारखे. ते जागा थोडी आंबट राखतात, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. जंतुनाशक ओतलं की विरजणच मरतं."

"त्यानं ती गेली का?"

"नाही. हृदयाचा त्याच्याशी काही संबंध नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण हे सात दिवसांत बरं होण्यासारखं होतं."

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता रस्त्यावरूनच आवाज आला. "ओ अण्णा! भायेर या जरा!"

शबनूरची सासू सुलतानबी. मागं पोरंबाळं, दोन बायका, आणि चहाच्या गाड्यावरची माणसंही उठून आली होती.

"आमच्या सुनंला काय इचारलंसा तुमी? पोरगी रडत घरात आली. इतकी वर्षं तुमाला भला माणूस म्हणतोय मी!"

काही विचारलंच नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चौतीस वर्षांचं नाव होतं, लोकांनी त्यांचंच ऐकलं असतं. खोटी पडली असती ती शबनूर.

अण्णाप्पा काउंटरमागून बाहेर आले. "इचारलं. चार माणसांत इचारलं, ती माझी चूक. तिची माफी मागतो. पण इचारलं ते बरोबर इचारलं."

"तुमाला काय करायचं हाय बायकांच्या दुखण्याचं?"

"माझी बायको चार वर्षं हेच सोसत हुती, सुलतानबी. औषध माझ्या फळीवर हुतं. मला सांगाय तिला जमलं न्हाय."

चहाच्या गाड्यावरची माणसं आधी पांगली, मग पोरं. सुलतानबीनं आवाज खाली आणला.

"रत्नाबाई? रोज दळणाला माझ्यासंगट असायची की. कधी बोलली न्हाय."

"मला बी न्हाय."

ती पायरीवर बसली. अण्णाप्पा उभ्यानंच, तिच्याकडं न बघता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सांगत गेले. भायेरनं नुसत्या साध्या पाण्यानं धुवायचं. आत काय बी घालायचं न्हाय, साबण न्हाय, वासाचं पाणी तर न्हायच. पुढनं मागं पुसायचं. कपडा सुती, कोरडा. थोडं पांढरं जाणं हा आजार न्हवं. पण खाज सुटली, वास आला, रंग बदलला तर दवाखाना.

"बाटली मीच दिलती सुनंला," सुलतानबी म्हणाली. "नमाजाला पाकी पायजे म्हणून. मी बी तीच वापरतो. लई वर्षं झाली." मग एकदम, "आग मला बी हुतीय."

"दोघीबी जाऊन या डॉक्टरणीकडं."

"आणि मग औषध तुमच्याकडंच मागायचं व्हय?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती.

अण्णाप्पांनी आत वळून तिसऱ्या फळीकडं पाहिलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी वर्षाराणीला कामावर घेतलं. शेजारच्या गल्लीतली मुलगी, फार्मसी झालेली. दुपारी चार ते सहा काउंटर तिच्याकडं. त्या वेळात अण्णाप्पा रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मागं पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. चपला निघाल्या, एक जोड, दुसरा जोड. सुलतानबीचा आवाज होता, पण इतका हळू की शब्द कळले नाहीत.

"अण्णा," गाडेवाला म्हणाला, "दुकान तिकडं हाय की. तोंड इकडं का करून बसलाय?"

"असू दे."

"वळून तरी बघा, गिऱ्हाईक आलंय."

"ठावं हाय," अण्णाप्पा म्हणाले आणि निवत चाललेला चहा हातात धरून समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. सहा वाजेपर्यंत ते वळले नाहीत.