दोन महिन्यांचे बूट

मी लाकडी ट्रायपॉड बोलतोय. तीन पायांचा, कॅमेऱ्याला डोक्यावर घेऊन एका जागी उभा राहणारा. या क्षणी मी समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभा आहे आणि माझा एकही पाय हलत नाही. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं ते काय? ट्रायपॉडचं कामच ते. खरं आहे. पण परवापर्यंत माझ्याने तेवढंही होत नव्हतं.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. जमीन मोजणाऱ्यांसाठी तो असे पाय घडवायचा. त्याने चिवट लाकूड निवडलं, वर्षभर सावलीत वाळवलं, तासून गुळगुळीत केलं. शेवटी प्रत्येक पायाच्या टोकाला बोटभर लांबीचा लोखंडी खिळा बसवला आणि खिळ्याच्या वर, माणसाला पाऊल ठेवून दाबता यावं म्हणून, लोखंडाचा एक छोटा कान. "आता कुठेही रुतून उभा राहशील," असं म्हणत त्याने मला थोपटलं. कुठेही! तो शब्द मी मनात जपून ठेवला.

पण मला न्यायला जमीन मोजणारा आलाच नाही. आला एक सडपातळ तरुण. त्याला डोंगरांचे, नद्यांचे, समुद्राचे फोटो काढायचे होते. तेव्हा तो कोणाचाच काका नव्हता. आज सगळे त्याला काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो.

काकांनी मला तीनदा बाहेर नेलं. मग लग्न ठरलं आणि एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत स्टुडिओ थाटला. आठच दिवसांत घरमालकीण वर आली.

"तुमचं हे तीन पायांचं जनावर माझी फरशी उकरतंय!"

काकांनी चांभाराकडून माझ्यासाठी जुन्या टायरचे तीन बूट शिवून आणले. खिळे आणि कान, सगळं त्यात झाकलं गेलं. वरून तार आवळली. "दोनच महिने हं," ते मला म्हणाले. "जम बसला की आपण परत बाहेर."

ते दोन महिने एकतीस वर्षं चालले.

तक्रार करत नाही. त्या खोलीत मी माणसं पाहिली. ओळखपत्रासाठी फोटो काढायला येणारा प्रत्येक जण आधी केसांना हात लावतो, टक्कल असलं तरी. 'माझे फोटो चांगले येतच नाहीत' असं म्हणणाराच फोटो हातात आल्यावर सगळ्यात जास्त वेळ पाहतो. काका सगळ्यांना एकच सांगायचे, "हनुवटी जरा खाली. अजून. आता श्वास सोडा." माणूस श्वास सोडायचा, त्याचा खरा चेहरा क्षणभर वर यायचा आणि काका नेमका तो टिपायचे.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओ बंद झाला. मी घरी आलो, दाराच्या मागे, छत्र्यांच्या शेजारी. काकू माझ्या डोक्यावरच्या स्क्रूला बाजाराची पिशवी अडकवू लागल्या. काका खिडकीशी बसून पेपर वाचू लागले, आणि वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून.

अशात भिंगरी परत आली. ही काकांची पुतणी. लहानपणी एका जागी कधी बसली नाही म्हणून तिला हे नाव. दूरच्या देशात चार वर्षं शिकली आणि तिथे चांगली नोकरी मिळत असताना सामान बांधून परतली. आली ती एकच ध्यास घेऊन. शहरापासून तासाभरावर रानवट समुद्रकिनारा आहे, जिथे झाडी थेट वाळूपर्यंत उतरते. तिथे निसर्गफोटोंची कार्यशाळा घ्यायची, तीही इथल्याच माणसांसाठी.

"काका, या शहरातल्या निम्म्या लोकांनी ते जंगल पाहिलेलंच नाही. उद्या ते नाहीसं झालं तर त्यांना कळणार तरी कसं?"

"आणि फोटो काढल्याने ते वाचेल?"

"फोटो काढायला माणूस अर्धा तास एका झाडासमोर उभा राहतो. अर्धा तास बघितलेलं झाड परकं राहत नाही."

काका पेपरात डोकं ठेवूनच म्हणाले, "झाडाला हनुवटी खाली कर म्हणून सांगावं लागत नाही. त्यात कसली आलीय कला?"

"तुम्हीही चला ना शिकवायला."

"माझे गुडघे घरीच शिकवतात मला."

तयारीने घर भरून गेलं. भरती-ओहोटीच्या वेळा फ्रिजवर चिकटल्या. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेल्या विजेऱ्या, कॅमेरे झाकायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, भिंगं पुसायला काकूंच्या जुन्या साड्यांचे तुकडे. भिंगरीने हॉलमध्ये दहा खुर्च्या मांडल्या, त्या म्हणजे विद्यार्थी. स्वयंपाकघरातलं स्टूल म्हणजे खडक. ती खुर्च्यांना तळमळीने समजावू लागली की भरतीचं पाणी या खडकापाशी आलं की निघायचं.

काकू भाजी घेऊन मधून गेल्या. "तुझा खडक मला देतेस का गं? वरचा डबा काढायचाय."

भिंगरीने सोबत आणलेला हलका, चकचकीत ट्रायपॉड किनाऱ्यावरच्या पहिल्याच वाऱ्यात आडवा झाला होता. म्हणून तिने काकूंची पिशवी काढली आणि मला उचललं. एकतीस वर्षांनी! माझ्या सांध्यासांध्यात कुरकुर झाली. ती आनंदाची होती.

अडचण वेगळीच होती. वनखात्याच्या अधिकारी बाईंनी परवानगीसाठी एक अट घातली होती. भिंगरीने ती जेवताना सांगितली.

"म्हणाल्या, झाडांखाली एकही पाऊल पडता कामा नये. कोवळी रोपं आहेत, मुळं उघडी पडलीत. फक्त वाळूवर उभं राहायचं. आणि तिथून चांगले फोटो येतात हे गुरुवारी संध्याकाळपर्यंत दाखव. नाही आले तर तुझी माणसं झाडीत घुसणारच, मग सही विसर."

"बाई हुशार दिसते," काका म्हणाले.

कार्यशाळा शनिवारी होती. बुधवारी संध्याकाळी भिंगरी मला घेऊन गेली. वर काळोखी झाडी, खाली फेसाळ पाणी, मध्ये वाळूची पट्टी. मी पहिल्यांदा समुद्राचा वारा खाल्ला. झाडीत उजेड इतका कमी की एकेका फोटोला कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा. तेवढा वेळ मी स्थिर राहायचं, बस्स.

आणि माझ्याने ते झालं नाही. लाट पायाशी यायची, टायरच्या रुंद बुटांखालची वाळू हळूच सरकायची आणि मी केसभर खाली बसायचो. माझे खिळे आतच होते, सुताराने दिलेले. पण बुटात कोंडलेला पाय काय रुतणार? भिंगरीने बूट पाहिले होते, पण तिने मला जन्मापासून बुटांतच पाहिलेलं. तिला ते माझे पायच वाटायचे. चोवीस फोटो काढले, चोवीस फसले. मी बिघडवत होतो आणि मला सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर ती जेवली नाही. "बाईंना फोन करते आणि सांगते की रद्द. माझंच चुकलं. तिकडे शिकले ते इथल्या वाळूवर चालत नाही."

काकूंनी काकांच्या हातातला पेपर काढून घेतला.

काका उठले. कपाटातून स्टुडिओतलं जुनं भिंग काढलं. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून ते पडद्याला नाक लावून पाहू लागले. एक पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला.

"हे हललेलं नाही," ते म्हणाले.

"काका, सगळं धुरकट आहे!"

"हललं असतं तर इकडेतिकडे कुठेही गेलं असतं. इथे बघ, प्रत्येक फांदीला एकाच बाजूने दुसरी कड आलीय. प्रत्येक फोटोत तीच बाजू. ही वाऱ्याची करामत नाही, तुझ्या हाताची तर नाहीच. खालचं काहीतरी बसतंय."

आणि ते वळले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"अरे देवा," ते पुटपुटले. "दोन महिने म्हणालो होतो."

गुडघे कुरकुरत असताना ते फरशीवर बसले. फोटोंच्या कडा कापायचं पातं आणलं, तार तोडली आणि एकेक बूट उभा चिरला. आत माझे खिळे होते, गंजलेले, पण सरळ. भिंगरीने एकावर बोट ठेवलं.

"हे आधीपासून होते?"

"आधीपासून," काका म्हणाले. "झाकून मीच ठेवले."

गंज त्यांनी स्वतः घासून काढला. मग कुणाकडेही न बघता विचारलं, "उद्या पहाटे ओहोटी किती वाजता?"

"तुमचे गुडघे?"

"त्यांनाही आणतो."

गाडी काकूंनी चालवली. पहाटेचा उजेड झाडीत नुकता शिरत होता. काकांनी मला वाळूत ठेवलं, लोखंडी कानावर पाऊल रोवलं आणि सगळा भार देऊन दाबलं. एक पाय, दुसरा, तिसरा. खिळा ओल्या वाळूतून खालच्या घट्ट थरात गेला. लाट आली, माझ्या पायांभोवती घुटमळली, परत गेली. मी होतो तिथेच होतो.

भिंगरीने कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. ओरडली नाही. कॅमेरा काकूंपुढे धरला आणि डोळे पुसले. एकेक पान मोजता येत होतं.

संध्याकाळी अधिकारी बाईंनी सहा फोटो पाहिले. "हे वाळूवरून?" असं दोनदा विचारलं, मग सही केली. वर म्हणाल्या, "अकरावी जागा असेल तर मी येते."

तर आज शनिवार. वाळूवर अकरा जण ओळीने उभे आहेत. झाडांखाली एकही पाऊल नाही. काका काठी टेकत एकेकाजवळ जातात. "कॅमेऱ्याची हनुवटी जरा खाली. अजून. आता श्वास सोडा." भिंगरी माझ्याजवळ उभी राहून त्यांच्याकडे पाहते आहे. आज तिलाही कुठे धावायची घाई नाही.

थोड्या वेळाने पाणी खडकापाशी येईल आणि सगळे निघतील. त्याआधी माझं एक मागणं ऐका. घरी नेल्यावर माझे पाय गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी लोखंड खातं. कोरडे पुसा, थोडं तेल लावा. हवं तर पुन्हा छत्र्यांशेजारी ठेवा, पिशवीही अडकवा. फक्त बूट घालू नका. फरशीवर ओरखडे पडतील, पडू देत.