दर्या छापला, दऱ्या अडल्या

सोनईच्या पाणी वापर संस्थेतला लेझर प्रिंटर शुक्रवारी सकाळी रुसून बसला. सरळ बंद पडला असता तरी परवडलं असतं, बंद पडलेल्याला माणूस हात जोडून मोकळा होतो. पण हा शहाणा चालू व्हायचा, 'रेडी' म्हणायचा, आणि अर्ज छापायला पाठवला की पडद्यावर आकड्यांची ओळ फेकून थिजायचा. आधी 'मेमरी' म्हणायचा, मग 'फर्मवेअर', म्हणजे त्याच्या पोटातला प्रोग्राम.

संस्थेची सचिव मधुवंती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती. अध्यक्ष भागवतनाना मागे येरझाऱ्या घालत होते. आणि दाराजवळच्या बाकावर रंगुबाई बसली होती, जिच्यासाठी हा सगळा आटापिटा. तिचा गहू कालव्याच्या चारीच्या अगदी टोकाला, टेलला. ओंबीत दाणा भरत होता. कालव्याच्या या पाळीला, या आवर्तनात पाणी पोचलं नाही, तर दाणा पोचट राहणार आणि वर्षाची भाकरी जाणार. कालव्याचे साहेब दुपारी येऊन पाण्याचा अर्ज घेणार होते.

"हातानं लिवा की," रंगुबाई म्हणाली.

"मागल्या खेपेला हातानंच लिवला हुता, परत आला," नाना म्हणाले. "छापील पायजे म्हनं. अन् गावात आज लाईट न्हाई, झेरॉक्सवाल्याचं शटर खाली. आपल्यावर सोलर हाय म्हनून ह्यो मुडदा तरी बोलतोय." असं म्हणून त्यांनी प्रिंटरच्या पाठीत एक धपाटा घातला. प्रिंटर थिजलेलाच राहिला.

"नाना, मारून काय होणार? थांबा जरा."

मधुवंतीने बटण बंद केलं, वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. आत मेमरीची हिरवी पट्टी होती. ती काढून तिच्या सोनेरी कडेवरून तिने खोडरबर फिरवला आणि परत नीट दाबून बसवली. अर्ज पाठवला. प्रिंटर पुन्हा थिजला.

मग तिने कॉम्प्युटरची वायरच उपसली आणि प्रिंटर नुसता सुरू केला. आता तो गरीब गाईसारखा शांत. त्याच्याच बटणांवरून चाचणीचं पान मागितलं तर कसं लख्ख आलं!

"नाना, याला काही झालेलं नाही. आपल्या अर्जातलंच काहीतरी याला बाधतंय."

"बाधतंय? मग लिंबू-मिरची बांधू का?"

मधुवंती हसली. खरं सांगायचं तर तिला आता मजा यायला लागली होती, आणि बाकावरच्या रंगुबाईकडे नजर गेली की त्या मजेची लाजही वाटत होती. पण एकदा डोक्यात किडा शिरला की ती कुणाची ऐकणारी नव्हती. तिने आधी अडकून पडलेले सगळे अर्ज रद्द केले, वायर जोडली आणि पाणीपट्टीची एक जुनी पावती पाठवली. झटक्यात आली. मग अर्जाचा मायना एकटाच पाठवला. 'मा. अधिकाऱ्यांस' एवढ्यावरच प्रिंटर गार. बंद करून पुन्हा सुरू केला, नुसतं 'अधिकारी' पाठवलं. छापलं की! 'शेतकरी' पाठवलं, छापलं. 'शेतकऱ्यांना' म्हटलं की थिजला.

"आयला," नाना खुर्चीवर टेकले. "एक शेतकरी चालतोय, लई झाले की भ्यातंय व्हय?"

मधुवंती मात्र पडद्याकडे टक लावून बसली. तिचे वडील, शामकांत गुरुजी, चौथीच्या फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहायचे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एकात र डोक्यावर चढतो, दुसऱ्यात आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. तिने 'दर्या' पाठवला. आला. 'दऱ्या' पाठवल्या आणि आकड्यांची ओळ उमटली.

"सापडलं! हा आडवा र त्याला गिळता येत नाही. पण नाना, परवापर्यंत तर गिळत होता. कुणी काही केलं का याला?"

नानांनी टोपी काढून परत घातली. "त्ये पडद्यावर सारखं इचारत हुतं, नवीन फर्मवेअर टाकू का, टाकू का. म्हनलं टाक बाबा, गप तरी बसशील. दाबलं 'होय'."

आता त्यांना काय बोलणार! जुनं परत बसवायला इंटरनेट हवं, आणि लाईटबरोबर तेही गेलेलं. अख्खा अर्ज फोटो करून पाठवला तर 'मेमरी अपुरी'. साहेबांची जीप यायची वेळ झाली होती.

"मग तो र नकोच," मधुवंती म्हणाली आणि अर्ज नव्याने लिहायला बसली. 'अधिकाऱ्यांस'चं 'अधिकारीसाहेब' झालं. 'टेलच्या शेतकऱ्यांना पाणी मिळावे' या ओळीवर मात्र गाडं अडलं. ती ओळ वर्षानुवर्षं तशीच जात होती, आणि वर्षानुवर्षं तिच्यावर 'पाहू' असा शेरा येत होता.

"नाना, टेलला कोण कोण आहे, नावं सांगा. आणि कुणाचं पीक काय तेही."

नाना सांगत गेले, ती टाइप करत गेली. वाल्मिक येळवंडे, कांदा, पात पिवळी पडली. मुक्ताबाई बोरुडे, घास, दोन गाई त्यावरच. रंगुबाई शेटे, गहू, ओंबीत दाणा भरतोय. प्रिंटरने घरघर केली आणि कागद बाहेर सरकला. आपलं नाव कागदावर आलंय म्हणताच रंगुबाईने कागदाला बोट लावून पाहिलं. तो गरम होता.

साहेब आले, सवयीने पेन उघडून शेरा लिहायला वाकले, आणि थांबले. वाचू लागले. मग मान वर करून म्हणाले, "रंगुबाई शेटे कोण?"

"मीच की," बाकावरून उठत रंगुबाई म्हणाली. तिने पदराची गाठ सोडून हिरवी ओंबी टेबलावर ठेवली. साहेबांनी दाणा नखाने दाबून पाहिला. आत अजून दूध होतं, दाणा भरायचा होता. मग अर्जावर लिहिलं, 'या वेळी पाणी टेलकडून सोडावे, आधी टोकाच्या शेतांना,' आणि खाली सही केली.

रंगुबाई डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

जीप गेल्यावर मधुवंती म्हणाली, "उद्या लाईट आली की जुनं फर्मवेअर परत टाकते."

"नगं," नाना म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तसंच."