आरसा जिन्यात असताना

काचेच्या दुकानात लंबू आणि धाकटी ही जोडी कामापुरती ठरलेलीच होती, आता लग्नही ठरलं होतं. धाकटी मालकाची मुलगी, काच कापण्यात हात बसलेली. लंबू काच बसवणारा कारागीर. मोठी काच जिन्याने वर न्यायची तर लंबू पाठमोरा चढायचा आणि खालचं टोक धरून धाकटी सांगत राहायची, पायरी, वळण, थांब. इतक्या वर्षांत त्याने एकदाही मान वळवून मागे पाहिलं नव्हतं.

आज तिसऱ्या मजल्यावर माणसाएवढा आरसा न्यायचा होता, एका नव्या जोडप्याच्या खोलीत, पलंगासमोर. टेम्पोवाल्याने आरसा उतरवून देताना डोळा मारला आणि आत्ताच माप बघून ठेवा, तुम्हालाही लागेल, असं म्हणाला. लंबू कानापर्यंत लाल झाला. धाकटी आरशाचं खालचं टोक धरायला वाकली. लग्न रविवारवर आलं होतं.

जगाला दुसरा विषयच सुचत नाही आणि धाकटीला नेमका तोच कधी सुचला नव्हता. लंबूवर तिचं प्रेम होतं, त्यात तसूभर खोट नव्हती. तो आला की तिचा दिवस सुरू व्हायचा. पण परवा गोदामात त्याने तिला जवळ घेतलं तेव्हा तिला काहीच झालं नाही, ना किळस, ना ओढ. ती त्याच्या खांद्यावरून फळीवरची धूळ बघत राहिली आणि तो बिचारा तिला लाजाळू समजला. अशीही माणसं असतात, ती आजारी नसतात, हे तिने वाचलं होतं आणि वाचून पोटभर रडून घेतलं होतं. आत्याला आडून विचारलं, तर आत्या म्हणाली, लग्न झालं की सगळं आपोआप येतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आत्याला कोण सांगणार? शेवटी तिने ठरवलं, मूग गिळून बसायचं आणि डोळे मिटून निभावून न्यायचं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर लंबू दम खायला थांबला. घामेजलेल्या चेहऱ्याने तिच्याकडे बघून इतका मोकळा हसला, की तिचं ठरवलेलं सगळं ढासळलं.

"मला ती इच्छाच होत नाही," ती म्हणाली. "तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही. कुणाबद्दलच कधी झाली नाही. तू मला हवा आहेस, पण तसा नाही."

हात रिकामे असते तर दोघांपैकी एक जण नक्की पळाला असता. त्याची बोटं आरशाच्या कडेवर पांढरी पडली. आता सुटतो आरसा, असं तिला वाटलं.

"चल. जड होतंय," एवढंच तो म्हणाला.

ती सांगू लागली, पायरी, पायरी. आणि लंबूने मान वळवून मागे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आरसा पलंगासमोर लागला. त्या घरच्या नवरदेवाच्या आईला यांचं लग्न ठरल्याचं ठाऊक होतं; तिने वर्षाच्या आत पाळणा हलू दे, असा लंबू-धाकटीला तोंडभरून आशीर्वाद दिला आणि जुना आरसा खाली न्यायला सांगितला. उतरतानाही पाठमोरा लंबूच, आता खालच्या बाजूला.

वळणावर तो थांबला. "सांगितलं नसतंस तर काय करणार होतीस?"

"निभावलं असतं."

"म्हणजे तू सोसत राहिली असतीस आणि मी खुशीत राहिलो असतो. जन्मभर." त्याचा आवाज फाटला. "अगं, मी तुझ्या भरवशावर उलटा चालतो."

तिला लाज वाटली, खरी लाज, आयुष्यात पहिल्यांदा.

"मला ते हवंसं वाटतं, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय जमेल का, माहीत नाही. तुझ्याशिवाय जमेल का, तेही माहीत नाही. रविवार नको. तुझ्या वडिलांशी मी बोलतो."

तिचे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. लंबू पायरीच्या काठाशी तसाच उभा होता, एक पाय हवेत. मान वळवली असती तर त्याला पायरी दिसली असती. त्याने वळवली नाही.

"सांग की," तो म्हणाला.

तिने खांद्याला डोळे पुसले आणि नीट पाहिलं.

"पायरी," ती म्हणाली.