दोन सीटांची गाडी

एकतीस वर्षं शहराची बस चालवून तो निवृत्त झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात, एकदाही न चालवता, नुसत्या फोटोंवर भाळून त्याने एक स्पोर्ट्स कार विकत घेतली. ओळखीपाळखीच्यांनी तोंडात बोटं घातली. गाडी जुनी होती, लांबच्या गावातल्या कुणा हौशी माणसाची. पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी, आणि आत सीटा दोनच.

त्या दोन सीटांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता. बसचा ड्रायव्हर एकटा बसतो. बायको कितीदा तरी त्याच्या बसमधून गेली होती, पण मागे, प्रवाशांत. "तुमची मान मला तोंडपाठ आहे," ती म्हणायची.

तरी घेताना तो कचरत होता. "एकदा जाऊन चालवून बघतो गं. या गाड्या फार कडक असतात म्हणे. रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो."

ती घरी पडदे शिवायची. मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "जन्मभर गाडीच हाकलीत ना? आता आणखी कसली परीक्षा? मागवा."

गाडी आली. रविवारी सकाळी दोघं निघाली. बसताना तिची तारांबळ उडाली. "अहो, ही गाडी आहे की विहीर? बसायचं कुठलं, उतरायचंच आहे यात!" तो पोट धरून हसला. कोपऱ्यावरून वळल्यावर ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"काय झालं?"

"बाजूने तुमचं नाक केवढं मोठं दिसतं! इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाहीत."

तो उत्तर देणार तेवढ्यात शाळेजवळचा गतिरोधक आला. त्याने वेग अगदी कमी केला होता, तरी गाडी दणकन आपटली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दाराचं हँडल धरलेली बोटं सुटत नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "पाठीत जरा उसण भरली. मशीनवर वाकून वाकून झालंय."

घरी येईपर्यंत त्याने प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या आणि स्वतःलाही. चालवून बघितली असती तर कळलं नसतं का?

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गॅरेजवर गेला. गॅरेज आता जुन्या मालकाच्या मागे त्याची लेक चालवत होती. पन्नाशीची, आखूड केसांची, बोलायला फटकळ. तिने गाडीचा एक कोपरा हाताने दाबून पाहिला. तो जेमतेम हलला.

"काका, ही पळायला बनवलीय, बसायला नाही. स्प्रिंग दगडासारख्या आहेत. चाकं बघा, रबर कमी आणि लोखंडच जास्त."

"मऊ करता येईल?"

"करता येईल. पण मग स्पोर्ट्स कार घेतलीत कशाला?"

"तिला शेजारी बसवायला," तो म्हणाला. गॅरेजवालीने जॅक पुढे ओढला.

आधी टायर बदलले, जाडजूड, हवा थोडी कमी ठेवून. बायको बसली आणि पहिल्याच खड्ड्याला तिने डोळे मिटले. मग स्प्रिंग बदलल्या. त्यात दोन आठवडे गेले. ती म्हणाली, "खूपच बरं वाटतंय हो," पण उतरताना तिला दाराला धरून उभं राहावं लागलं. मग शॉक अब्सॉर्बर बदलले, सीटमध्ये नवा फोम भरला. तो रोज गॅरेजवर जाऊन बसायचा, स्वतः गाडीखाली शिरायचा, काळ्या हातांनी घरी यायचा आणि जेवताना तिला त्या दिवशीची कामगिरी रंगवून सांगायचा. तीही सगळं नीट ऐकायची, प्रश्न विचारायची.

सातव्या आठवड्यात गॅरेजवाली स्वतः शेजारच्या सीटवर बसली. "चला, मारा एक चक्कर. सगळे वाईट रस्ते घ्या."

त्याने घेतले. शाळेजवळचा गतिरोधकसुद्धा घेतला. गाडी नावेसारखी हलली आणि स्थिर झाली. परत आल्यावर गॅरेजवाली उतरली नाही. तिने शर्ट किंचित वर करून कमरेचा पट्टा दाखवला.

"माझी मणक्यातली गादी सरकलीय, चार वर्षं झाली. मला काहीही जाणवलं नाही काका. आता हिच्यात करण्यासारखं काही राहिलं नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "काकूंना दाखवून आणा."

त्याला आधी राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी फोटो काढले, सुई घालून तपासणी केली आणि दोघांना समोर बसवलं. गाठ छातीत होती आणि तिथून मणक्यांत पसरली होती. दोन मणके आतून पोखरले गेले होते.

"दुखतंय कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी आल्यापासून," तो घाईघाईने म्हणाला. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर तिने खरं सांगितलं. दुखणं वर्षभराचं होतं. आधी वाटलं मशीनमुळे असेल. मग वाटलं, यांची निवृत्ती तेवढी होऊन जाऊ दे. मग गाडी आली.

"मी सात आठवडे स्प्रिंगा बदलत बसलो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एका शब्दाने बोलली असतीस तर!"

"बोलणार होते. पण तुम्ही गाडीला दोष देत होतात ना," ती म्हणाली, "तेवढे दिवस मला आजारी व्हावं लागलं नाही."

तो उठला आणि नळाखाली हात धूत उभा राहिला. हात स्वच्छच होते.

सात आठवड्यांनी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याने ते ऐकून घेतलं. पटलं की नाही, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

औषधं सुरू झाली, लागू पडली नाहीत. चौथ्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी, दुखणं जरा कमी असताना, म्हणाली, "खाली न्या. गाडीत बसते."

त्याने आणि शेजारीणबाईंनी तिला धरून, उशा लावून बसवलं. त्याने किल्ली फिरवली, तसा तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "चालवू नका. नुसतं बसू."

ती दोघं घरासमोर तशीच तासभर बसली. समोर कुणी खिडकीच्या काचा पुसत होतं. एक बाई कुत्र्याला ओढत होती आणि कुत्रा हलायला तयार नव्हता. ती त्या कुत्र्याला हसली. मग म्हणाली, "जेवणाचे हाल करून घेऊ नका. आणि उगाच स्वतःला बोल लावत बसू नका. गाडी मागवा असं मीच म्हटलं होतं."

"मऊ झालीय ना गं आता?"

"झालीय," ती म्हणाली. डोकं मागे टेकून तिने डोळे मिटले. तिला वर नेताना त्रास होऊ नये म्हणून त्याने आणखी थोडा वेळ तिला तसंच राहू दिलं.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने गॅरेजवालीने गिऱ्हाईक आणलं, दातांचा एक डॉक्टर. गिऱ्हाइकाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "बसायला कशी आहे? मी ऐकलंय, या फार आदळतात."

तो सांगायला लागला, टायर कोणते, स्प्रिंग कुठल्या. शॉक अब्सॉर्बरपर्यंत आला आणि थांबला. तो गाडीच्या टपावर हात ठेवून, मान खाली घालून उभा राहिला. गिऱ्हाईक गोंधळून इकडेतिकडे बघू लागलं.

"आदळत नाही," गॅरेजवाली पुढे होत म्हणाली. "मी स्वतः बसलेय. या तुम्ही माझ्याबरोबर, चक्कर मारून येऊ."

गाडी वळून दिसेनाशी झाली. तो गॅरेजच्या बाकावर, उन्हात, एका बाजूला सरकून बसला.