रेश्माच्या तक्त्यावरचा चौकोन

संघप्रियाच्या अक्षराचं शाळेत नाव होतं, आणि ते उगाच नव्हतं. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते वळण पोरीच्या हातात आपसूक आलं होतं. प्रकल्पाच्या सादरीकरणात दरवर्षी पहिला नंबर तिचाच. यंदा नववीतला एकच तक्ता बार्शीला, जिल्ह्याच्या सादरीकरणाला जाणार होता. तो आपलाच, असं ती धरून चालली होती. घरी सांगूनसुद्धा झालं होतं.

आणि जूनमध्ये मैंदर्गीची रेश्मा वर्गात आली. मामाकडं शिकायला आलेली, बोलता बोलता मध्येच कानडी घुसवणारी, आणि अक्षर असं की बाईंनी वही फिरवून फिरवून वाचावी. असल्या पोरीचा कोण हेवा करणार? उलट संघप्रियानं मोठ्या मनानं तिच्या तक्त्याचं शीर्षक लिहून दिलं, 'आमची कडक भाकरी'.

"तुझं अक्षर लई देखणं हाय," रेश्मा म्हणाली होती. "खाली एक चौकोन तेवढा मोकळा ठेव की. तितं मला चिकटवायचंय."

काय चिकटवायचंय, हे विचारायचंही संघप्रियाला सुचलं नाही. घ्या आता!

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी कळलं. तो क्यूआर कोड होता. नवी पेठेतल्या दुकानातून छापून आणलेला, शाई संपत आल्यामुळं एका कडेला फिकट. दिपक सरांनी त्यावर मोबाईल धरला आणि रेश्माची आजी, शिवम्मा, पडद्यावर आली. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, आणि ती कडक करताना आच कशी राखायची ते अर्धं मराठीत, अर्धं कानडीत सांगत होती. सगळी शाळा तिकडं लोटली. संघप्रियानं मान मोडून आठवडाभर अक्षरांना सावल्या दिल्या होत्या, पण तिच्या तक्त्यापुढं कुत्रं फिरकेना.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काय केलं हो हिनं? आजीचा व्हिडिओ काढला आणि एक कागद डकवला. एवढ्यावर बार्शी? शीर्षक माझं आणि कौतुक हिचं? आजी तर मलाही आहे, पण मला हे का सुचलं नाही, हा काटा सगळ्यात खोल रुतला होता.

मधल्या सुट्टीत पोरं डबे घेऊन मैदानावर गेली. परीक्षक दुपारी यायचे होते. हॉलमध्ये कुणी नाही असं बघून संघप्रियानं काळं स्केचपेन उघडलं आणि कोडातली पांढरी घरं भरायला घेतली. फिकट कडेचीच, म्हणजे छपाईच बिघडलीय असं वाटावं. शाई रेषेबाहेर जाऊ द्यायची नाही, ही वडिलांची शिकवण तिनं तिथंही पाळली.

दुपारी परीक्षक बाईंनी मोबाईल धरला. आणि शिवम्मा आजी पुन्हा चुलीपुढं येऊन बसली.

"डाग पडला, थोडं फाटलं, तरी हे चालतं," दिपक सर बाईंना सांगत होते. "कोड बनवतानाच तेवढी सोय ठेवलेली असते." मग ते वाकून बघू लागले. "पण ही कडा सकाळी फिकट होती. गडद कुणी केली?"

रेश्मानं कोडाकडं बघितलं, मग संघप्रियाच्या बोटांवरच्या शाईकडं. आणि तिचा चेहरा खुलला.

"हिनं केली, सर. प्रिंट फिकी आलती, चालतंय का न्हाय म्हणून मला भ्या वाटत होतं. शीर्षक बी हिनंच लिवलंय. मी सांगणारच होते तुमाला."

परीक्षक बाईंनी हसून मान डोलावली. तक्ता रेश्माचाच निवडला गेला. "पण मग हा दोघींचा झाला," सर म्हणाले. "बार्शीला दोघीही जा."

रेश्मानं आनंदानं तिचा शाईचा हात घट्ट धरला. खरं काय ते संघप्रियाच्या ओठांपर्यंत आलं, पण बोललं की बार्शी गेली. तिनं ते गिळलं आणि मान हलवली. जायला मिळणार होतं, पण रेश्माचा तक्ता धरून, रेश्माच्याच मेहरबानीवर. आणि एवढं होऊनही तिला राग आला तो रेश्माचाच, की हिच्या मनात संशय कसा म्हणून आला नाही. हिच्या जागी आपण असतो, तर हेच शाईचं बोट धरून सरांना दाखवलं असतं.