भांड्याला कोणाचं नाव
"दे इकडे ते भांडं," ब्रिकोनकाका म्हणाले. "नाहीतर हात पिरगाळून घेईन."

"पिरगाळा," वहिनी म्हणाली. "एकच उरलाय तुमचा. जपून."

काकांनी पुढे केलेला हात मागे घेतला. आमच्या वस्तीचे ते म्होरके, पण त्यांचा उजवा हात रोमनांनी नदीच्या उतारावरच्या लढाईत ठेवून घेतला होता. त्याच उतारावर माझा भाऊ मातुगेनही राहिला. तो पडताना काकांनी पाहिला. पण प्रेत कोणी आणलं नाही, आणि तेवढ्यावर माझी वहिनी लोवर्ना दीड वर्ष तग धरून होती.

चुलीपाशी भांडं मांडीत घेऊन ती बसली होती. आतून लाल लाकडाच्या फळ्या, बाहेरून काशाचा पत्रा, एकच कान, त्यावर वेलीची नक्षी. अख्खी वस्ती त्यातूनच पिते, हातोहात. लाकूड सुकलं की ते गळतं, म्हणून रोज संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवायचं. लग्न होऊन आल्यापासून हे काम वहिनीचं.

त्याला म्हणायचं काय, यावर किनाऱ्याकडचे व्यापारी वाद घालतात. कोणी पेला म्हणतो, कोणी बुधला. आमच्यात त्याला माणसाचं नाव असतं. कोणी गेलं की पुढची बार्लीची दारू उतरेपर्यंत थांबायचं, मग त्याचं नाव भांड्याला द्यायचं, मोठ्याने घ्यायचं आणि सगळ्यांनी प्यायचं. तेव्हा कुठे मेलेल्याची तहान भागते. घरच्यांनी रडायचं तेही त्यानंतरच. पुढचं नाव येईपर्यंत भांडं त्याचंच. ज्या क्रमाने माणसं गेली त्याच क्रमाने नावं. मधलं वगळता येत नाही.

सध्या भांडं म्हणजे तोगो होतं. तोगो जिवंतपणी पिऊन पडलेला असे, त्यामुळे "तोगो रिकामा झाला, तोगोला भरा" म्हणून आम्ही पोट धरून हसलो होतो. त्याच्यानंतर मातुगेन. गेल्या वर्षीची दारू उतरली तेव्हा वहिनीने भांडं गवतात लपवलं होतं. यंदा ते तिच्या मांडीवर होतं, आणि बाहेर अंगणात सगळे ताटकळत उभे होते.

"वहिनी, पुरे आता," मी म्हणाले. "तुझ्या हट्टापायी मला भावासाठी रडता येईना."

"तुम्हाला रडायची घाई, वन्सं. मला नाही."

"घाई? दीड वर्ष गिळून बसलेय मी! माझ्या पाठचा भाऊ होता तो. तुझ्या आधी मी त्याला कडेवर घेतलाय."

"मग तुम्हीच मारा त्याला. माझ्या तोंडून नाही व्हायचं."

मला तिचा असा राग आला की तोंडात मारावी. त्याच वेळी एसिका आत आली.

एसिका शेजारची. तिची धाकटी कापणीच्या दिवसांत तापाने गेली. अजून दुधाचे दातही पडले नव्हते तिचे. एसिका भांडली नाही. वहिनीच्या समोर मातीत बसली आणि भांड्याच्या कानावरून बोट फिरवत राहिली.

"लोवर्ना, तो जिवंत असेलही," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. येईल, आणि तुला शिव्या घालेल, माझ्या नावाने दारू प्यालात म्हणून. पण माझी पोर त्याच्या मागे उभी आहे गं. तुझा नवरा थोराड गडी, तहानलेला थांबेल. ती कशी थांबेल? अंधारात तिला माझं बोट लागायचं."

चुलीतलं लाकूड ढासळलं तरी कोणी सारलं नाही. मग वहिनी उठली, भांड्यातलं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं आणि तशीच अंगणात गेली. काकांनी दारू भरली. तिने दोन्ही हातांनी भांडं वर धरलं.

"मातुगेन," ती म्हणाली. आवाज निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "मातुगेन आलाय. प्या."

भांडं फिरलं. "मातुगेन, इकडे," "मातुगेनला धर नीट," असं म्हणत जो तो पुढे देत होता. माझ्यापाशी आलं तेव्हा मला एवढं रडू फुटलं की अर्धी दारू अंगावर सांडली. काका डाव्या हाताने प्यायले. ज्याचं माणूस, त्याने शेवटी प्यायचं, म्हणून भांडं फिरत फिरत वहिनीकडे गेलं.

तळाशी थोडीच उरली होती. ती संपली की भांडं पोरीचं होणार होतं. मातुगेनच्या वाट्याला हा एकच फेरा, कारण त्याच्यामागे रांग फार दिवस खोळंबली होती, आणि ती खोळंबवली होती वहिनीनेच.

तिने भांडं ओठांना लावलं, पण गिळलं नाही. नुसतं धरून राहिली. मग एक घोट घेतला. मग पुन्हा थांबली. गार वारा सुटला होता, म्हाताऱ्यांचे पाय अवघडले होते. कोणी "आटप" म्हटलं नाही. मीही नाही. एसिका समोर उभी होती, ती खाली बघत होती.

शेवटी वहिनीने भांडं पूर्ण वर केलं, मान मागे टाकली आणि तशीच बराच वेळ राहिली. खाली घेतलं तेव्हा आत काही नव्हतं. शालीच्या टोकाने तिने त्याची कड पुसली, सगळीकडून, नीट, आणि कान एसिकाच्या बाजूला करून भांडं पुढे धरलं.

"काय नाव होतं गं तिचं?" तिने विचारलं. नाव तिला ठाऊक होतं. ते पहिल्यांदा आईने घ्यावं, म्हणून विचारलं.